किमानाच्या खाली काय असते?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— सहशिक्षक, बी.ए., बी.एड.



दरवर्षी ह्या संमेलनात एका शिक्षकाने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा ही जबाबदारी माझ्यावर आली. मी वक्ता नाही. वर्गात पस्तीस मिनिटे बोलण्याची सवय आहे, तेवढ्यावर भरवसा ठेवून मी आपणापुढे उभा आहे. आजचा विषय मी निवडला असे म्हणणेही खरे नव्हे. तो एका विद्यार्थिनीने मला दिला.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी किमान वेतनावर बोलत होतो. किमान म्हणजे कमीत कमी, ज्याच्या खाली मालकाला जाता येत नाही, असे मी फळ्यावर लिहिले. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "सर, माझ्या भावाला सगळ्यांच्या निम्मी मजुरी मिळते. मग किमानाच्या खाली काय असते?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही, कारण तिच्या भावाला त्या कामावर मीच लावले होते.

तो मुलगा आपल्याच शाळेचा. बुद्धीने मंद, बोलताना अडखळणारा, पण कोणाच्या अध्यात न मध्यात. आठवीनंतर तो शाळेत टिकणार नाही हे दिसत होते. मी तेव्हा नोकरीत नवा होतो आणि मुलांचे भले करण्याची घाई मला फार होती. जवळच्या गावात काजूचा एक लहान कारखाना आहे. तेथे मी शब्द टाकला. मालक म्हणाले, "घेतो सर, पण हा इतरांएवढे काम करणार नाही. निम्मा रोज देईन." मुलाच्या वडिलांना मी म्हणालो, "चाचा, घरी बसून राहण्यापेक्षा बरे." त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. त्या दिवशी मी मोठ्या समाधानाने घरी गेलो होतो.

मुलीच्या प्रश्नाने ते समाधान गेले. मी शोध घेऊ लागलो. वाचता वाचता असे ध्यानात आले की, मी जे तोंडी ठरवून आलो होतो, ते अमेरिकेसारख्या संपन्न देशात कायद्याने, परवाना देऊन, ऐंशीहून अधिक वर्षे चालत आले आहे. म्हणून आधी तिकडची हकीकत सांगतो. दुसऱ्याच्या घरातील गोष्ट शांतपणे ऐकता येते, आणि मग आपल्या घराकडे वळणे सोपे जाते.

१९३८ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात अमेरिकेत रास्त श्रममानक कायदा झाला. मंदीने तो देश पोळून निघाला होता. ह्या कायद्याने तासाला पंचवीस सेंट ही किमान मजुरी ठरली. मात्र त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात एक सवलत होती. वय, शारीरिक वा मानसिक व्यंग यांमुळे ज्याची कमावण्याची शक्ती घटली आहे, त्याला किमानापेक्षा कमी मजुरी देण्याचा परवाना मालकाला मिळू शकत असे. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. किमान मजुरी सक्तीची झाली तर अपंगाला कोणी दारातही उभे करणार नाही, अशी भीती होती. थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण काम मिळावे, असा तो विचार. म्हणजे माझाच विचार: घरी बसण्यापेक्षा बरे.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्या कायद्यावर सही करणारे रूझवेल्ट १९२१ साली आजारी पडले आणि त्यांच्या पायांतील शक्ती गेली. आधाराशिवाय ते उभे राहू शकत नसत. तरी ते चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्यांच्या हाताशी खुर्ची, मोटार, मदतनीस, सारे होते. त्यांची पावले मोजून त्यांचा पगार ठरविण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

आता हा परवाना कसा चालतो ते पाहू. मालक किंवा संस्था केंद्रीय श्रमखात्याकडे अर्ज करते. त्या भागात तेच काम करणाऱ्या अनुभवी धडधाकट कामगाराला काय मजुरी मिळते, हे पाहावे लागते. मग धडधाकट माणूस तासाभरात किती काम करतो आणि हा अपंग माणूस किती करतो, हे घड्याळ लावून मोजतात. समजा, पहिल्याने शंभर पाकिटे भरली व त्याची मजुरी बारा डॉलर आहे. दुसऱ्याने पंचवीस भरली, तर त्याला तीन डॉलर. त्रैराशिक मांडायचे आणि उत्तर पाकिटात घालायचे. तासावर मजुरी असेल तर दर सहा महिन्यांनी हे मोजमाप पुन्हा करावे लागते.

ही कामे बहुधा 'संरक्षित कार्यशाळा' म्हटल्या जाणाऱ्या ठिकाणी चालतात. तेथे अपंग माणसे एकत्र बसून सुटे भाग जोडतात, पाकिटे भरतात, कपड्यांच्या घड्या घालतात. १९६६ च्या दुरुस्तीने बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या खाली जाऊ नये अशी मर्यादा घातली, मात्र काही केंद्रांना तीतून वगळले. १९८६ साली ती मर्यादाही गेली. आता फक्त त्रैराशिक उरले. उत्तर कितीही लहान येवो, ते कायदेशीर. देशाची किमान मजुरी २००९ साली तासाला सव्वासात डॉलर झाली. पण २०१९ नंतरच्या सरकारी तपासणीत असे आढळले की, परवान्याखाली काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना तासाला साडेतीन डॉलरही मिळत नव्हते. त्यांतील बहुसंख्य माणसे बुद्धीने मंद, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्यासारखीच होती.

मित्रहो, मी शिक्षक आहे. मोजणे हा माझा रोजचा धंदा. म्हणून ह्या मोजमापातील दोष मला चटकन दिसला. घड्याळ फक्त अपंगासमोर लावले जाते. शेजारी बसलेला धडधाकट माणूस आळशी असेल, रात्री जागरण करून आलेला असेल, त्याच्यासमोर घड्याळ नाही. तो कितीही संथ असो, किमान मजुरी त्याच्या खिशात आहे. दुसरे असे की, घड्याळ माणसाची गती मोजते, पण त्याला दिलेले काम त्याच्या हाताला जुळते का, बाक योग्य उंचीचा आहे का, त्याला नीट शिकवले का, हे मोजत नाही. परीक्षेत संपूर्ण वर्ग नापास झाला तर हेडमास्तर आधी शिक्षकाला बोलावतात. तेथे मात्र संपूर्ण दोष उत्तरपत्रिकेचाच.

ही सवलत हातात आली की माणूस कोठवर जातो, याचे एक उदाहरण न्यायालयाच्या दफ्तरात आहे. आयोवा राज्यात अटॅलिसा नावाचे एक छोटे गाव आहे. १९७० च्या दशकापासून तेथे बुद्धीने मंद असलेल्या माणसांना टेक्सासमधून आणून ठेवले होते. 'हेन्रीज टर्की सर्व्हिस' ही कंपनी त्यांना जवळच्या कारखान्यात टर्की पक्षी साफ करण्याच्या कामावर पाठवी. ती माणसे राहत होती गावातील एका जुन्या शाळेच्या इमारतीत. शाळेच्या इमारतीत! दिवसभर राबून त्यांच्या हाती महिन्याला पासष्ट डॉलर येत. तासाला नव्हे, महिन्याला. २००९ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना तेथून सोडविले, तेव्हा कित्येकांचे केस पांढरे झाले होते. तेच काम करणाऱ्या इतरांना तासाला अकरा-बारा डॉलर मिळत होते, हे पुढे खटल्यात पुढे आले. २०१३ साली ज्यूरीने बत्तीस माणसांना मिळून चोवीस कोटी डॉलर देण्याचा निवाडा दिला. पण भरपाईला कायद्याने मर्यादा असल्यामुळे ती रक्कम सोळा लाखांवर आली. सर्व परवानाधारक असे वागतात असे मी मुळीच म्हणत नाही. हा उघड जुलूम होता. परंतु एखाद्याच्या श्रमाची किंमत कमी धरायला आपण एकदा परवानगी दिली, की ती किती कमी धरायची हे ठरविणारा हात नेहमी दुसऱ्याचा असतो, एवढे त्यावरून कळते.

विरोध तिकडेही झाला आहे. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने हे कलम काढून टाकावे म्हणून वर्षानुवर्षे झगडा केला. ओहायो राज्यातील तीन कामगारांनी आपली मजुरी चुकीची ठरविल्याची तक्रार केली आणि २०१६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. जे काम ते करीत होते, त्या कामात त्यांचे अपंगत्व आड येते हे मालकाला सिद्ध करता आले नाही. न्यू हॅम्पशायर, मेरीलँड, अलास्का अशा राज्यांनी आपापल्या हद्दीत ही प्रथा बंद केली. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा केला आणि २०२५ च्या आरंभापासून तेथे ती संपली. २००१ च्या सुमारास देशभर सव्वाचार लाख माणसे ह्या परवान्याखाली होती, ती पुढे वीस वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास आली. २०२४ च्या डिसेंबरात श्रमखात्याने हे परवाने तीन वर्षांत संपविण्याचा प्रस्ताव मांडला. २०२५ च्या जुलैत तो मागे घेण्यात आला. कलम आपल्या जागी राहिले.

प्रस्ताव मागे का घ्यावा लागला, असे आपण विचाराल. कायद्याची कारणे पुढे केली गेली. पण तिकडे अशा मुलांचे अनेक आईबापच हे परवाने टिकावेत असे म्हणतात, ही गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, आमचा मुलगा चाळीस वर्षांचा आहे. सकाळी डबा घेऊन तो कार्यशाळेत जातो, तेथे त्याचे मित्र आहेत, संध्याकाळी तो हसत घरी येतो. कार्यशाळा बंद झाली तर तो चार भिंतींत बसेल. शिवाय मिळकत वाढली तर त्याची सरकारी मदत कापली जाईल. हे दुःख खोटे नाही. माझ्या विद्यार्थ्याचे वडीलही मला हेच म्हणाले. मी जेव्हा म्हणालो की आपण मालकांशी बोलू, तेव्हा ते घाबरून गेले. "असू द्या सर. आहे तेही जाईल."

ह्या भीतीला उत्तर काय द्यावे, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. पुस्तकात ते सापडले नाही. एके दिवशी आपल्याच शाळेच्या व्हरांड्यात सापडले.

दुपारी मुले खिचडीसाठी रांगेत बसतात. वाढणारी बाई डाव भरून ताटात टाकते. पहिल्या नंबराच्या मुलाला एक डाव, नापास होणाऱ्यालाही एक डाव. ज्याला गणितात शंभरांपैकी पंचवीस आहेत, त्याला पाव डाव वाढावा असे आजवर कोणी सुचविले नाही. का बरे? कारण खिचडी हे बक्षीस नाही. ते पोटासाठी आहे आणि पोट सर्वांना सारखे आहे. बक्षीस समारंभ वेगळा होतो. तेथे पहिला, दुसरा, तिसरा खुशाल ठरवावा. किमान वेतन ही कामगाराची खिचडी आहे. त्याच्या वर ज्याची हुशारी, ज्याची चपळाई, त्याप्रमाणे त्याने अवश्य कमवावे. परंतु खालचा तो एक डाव गती मोजून वाढायचा नसतो. संथ माणसाला तांदूळ निम्म्या भावाने मिळत नाही. एस.टी. त्याच्याकडून पूर्ण तिकीट घेत नसेल, तर ती सरकारने दिलेली सवलत आहे आणि तिचा भार सगळे मिळून उचलतात. निम्म्या मजुरीचा भार मात्र एकट्या त्याच्या पोटावर पडतो. दोन्हींत फरक आहे तो हाच.

कोणी विचारतील, मग मालकाने तोटा सोसावा काय? माझे उत्तर असे की, खरोखरच तोटा असेल तर तो सरकारने, समाजाने, आपल्यासारख्या संस्थांनी वाटून घ्यावा. माणूस कामाला जुळत नसेल तर काम बदलून पाहावे, हत्यार बदलून पाहावे, शिकवून पाहावे. हे सर्व करून झाल्यावर तोट्याचा हिशेब मांडावा. आपण तो आधीच मांडून मोकळे होतो.

आणि आपल्या देशाचे काय? १९४८ च्या आपल्या किमान वेतन कायद्याच्या सव्विसाव्या कलमातही, अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू राहणार नाही असा हुकूम काढण्याची मुभा सरकारला दिलेली होती. पुढे २०१९ साली संसदेने वेतनाचे चार जुने कायदे एका संहितेत आणले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती अमलात आली. दरम्यान अपंगांच्या हक्कांचा जागतिक करार भारताने २००७ साली मान्य केला. सारख्या मोलाच्या कामाला सारखा मोबदला, हे तत्त्व त्यात आहे. अमेरिकेने २००९ मध्ये त्यावर सही केली, पण तिच्या सिनेटने २०१२ मध्ये त्याला आवश्यक ती मंजुरी दिली नाही. आपल्याकडे २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदाही झाला. म्हणजे कागदावर आपण मागे नाही.

परंतु मित्रहो, कागद पाहून निम्मा रोज ठरविणारा मालक मला आजवर भेटलेला नाही. अमेरिकेत निदान अर्ज करावा लागतो, घड्याळ लावावे लागते, नोटीस भिंतीवर डकवावी लागते, आणि चुकले तर तक्रार करता येते. आपल्याकडे ओट्यावर चहा घेता घेता ठरते. एक मास्तर शब्द टाकतो, मालक मान हलवितो, आणि एका मुलाच्या श्रमाची किंमत आयुष्यभरासाठी निम्मी होते. तेथील परवान्यावर सरकारचा शिक्का असतो. येथील परवाना मी होतो.

शेवटी मी चाचांना घेऊन कारखान्यावर गेलो. त्या मुलाला कामाला लागून तेव्हा सात वर्षे झाली होती. सुरुवातीला तो टरफले वाहून नेई व झाडलोट करी. पुढे सुकलेल्या गरांची साल काढायला बसला. ती साल चाकूने हलक्या हाताने काढावी लागते. घाई केली की गर दुभंगतो, त्याची पाकळी होते, आणि पाकळीला अख्ख्या गराचा भाव नाही. मी मालकांना विनंती केली की, एक आठवडा ह्याचे काढलेले गर वेगळे ठेवा आणि नुसते वजन न करता त्यांत अख्खे किती आहेत ते पाहा. मालक भले गृहस्थ आहेत. थोडे नाराज झाले, "सर, तुम्हीच तर लावला होता," असेही म्हणाले. पण आठवडाभर त्यांनी ते केले. मुलाचे वजन कमी भरले, हे खरे. मात्र त्याच्या सुपात मोडलेले गर फारच थोडे निघाले. सात वर्षे त्याचा संथपणा सर्वांना दिसत होता. त्याचा हलका हात कोणी पाहिला नव्हता. मीही नाही. मालकांनी त्याला प्रतवारीच्या मेजावर बसविले. एक हंगाम पाहून त्याला इतरांएवढा रोज सुरू झाला.

हे ऐकून टाळ्या वाजवू नका, कारण ही यशाची गोष्ट नाही. त्याच्या सात वर्षांच्या निम्म्या मजुरीचा हिशेब मी एका रात्री घरी बसून केला आणि तो कागद घडी घालून ठेवून दिला. ती रक्कम मला भरून देता येत नाही, मालक देणार नाहीत आणि चाचा मागणार नाहीत. आणखीही एक गोष्ट. त्याचा हात हलका निघाला म्हणून त्याला न्याय मिळाला. ज्याचा हात हलका नसेल, जो खरोखरच निम्मेच काम करू शकेल, त्याने काय करावे? खिचडीचा दाखला मी दिला तो त्याच्यासाठी.

माझी संस्थेला नम्र विनंती आहे. आपल्या शाळेतून जाणाऱ्या कोणत्याही अपंग मुलासाठी शिक्षकाने कामाची शिफारस करताना कमी मजुरी कबूल करू नये. काम लागले तर एका वहीत त्याची नोंद असावी: काम कोणते, मजुरी किती, इतरांची किती. वर्षातून एकदा एका शिक्षकाने त्या ठिकाणी जाऊन यावे. आपल्या वसतिगृहात, स्वयंपाकघरात, कार्यालयात असा कोणी असेल तर पहिली नोंद त्याची व्हावी. ह्याला निधी लागत नाही. एक दोनशे पानी वही लागते, ती मी आज बरोबर आणली आहे आणि भाषण संपताच चिटणीससाहेबांच्या हाती देणार आहे. तिच्यातील पहिले पान मी भरलेले आहे.

मजुराचा घाम आणि त्याची मजुरी यांविषयीची शिकवण आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेली आहे. तीत घाम कोणाचा, धडधाकटाचा की अपंगाचा, असा भेद केलेला माझ्या ऐकिवात नाही.

त्या विद्यार्थिनीने ह्या वर्षी दहावीची परीक्षा दिली आहे. तिच्या प्रश्नाला मी वर्गात उत्तर दिले नव्हते. घंटा झाली होती, त्या आडोशाने मी सुटलो. ती आज येथे समोर बसली आहे. बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: किमानाच्या खाली काही नसते. जे असते ते आपणच, तुझ्या सरांसारख्या माणसांनी, 'घरी बसण्यापेक्षा बरे' म्हणत म्हणत खणलेले असते. ते बुजविण्याचे कामही आपलेच आहे.